दारापर्यंत जाणारी गाडी

तोहिद : मावशी, जुनी गाडी घ्यायला आलेली बाकीची गिऱ्हाईकं आधी बॉनेट उघडायला लावत्यात. तुम्ही मगाधरनं मागच्या सीटवर वाकून काय हुडकताय?

तानाबाई : हुडकत न्हाय, मापतोय. पाळणा तीन हात नि वर चार बोटं हाय. ह्या काळ्या गाडीत दोन हातांतच भिंत लागली की रं.

आदर्श : आई, पाळण्याचं बघू मागनं. आधी गाडी बघ! हे टायर बघ, म्हशीच्या पाठीएवढं रुंद. टपावर सात लाइटी. ही घेऊन वर गेलो की बर्फच म्हणंल, या पावणं, वाट तुमचीच. विषय हार्ड!

तोहिद : आदर्शदादा, बर्फ काय बोलत न्हाई. तेच त्याचं वाईट हाय.

तानाबाई : तू दम धर रं आदर्श. तोहिद, तुला मी मुळापास्नं सांगतो. माझी निशिगंधा हाय न्हवं, ती हिमाचलात दिलीया. केलांग म्हणून गाव हाय, त्याच्या वरच्या अंगाला.

आदर्श : दिली कुठं? तिची ती गेली. रस्त्याच्या कामावर इंजिनिअर म्हणून गेली, आणि रस्ता तिथंच ठेवून नोरबूभावजींच्या घरात शिरली.

तानाबाई : गप. तर तिला मुलगी झाली. आज सोळावा दिस. बारसं धरलंय एकवीस तारखेला. तिच्या सासूनं सोता सांगितलंय, आजोळचा पाळणा आल्याबिगर नाव ठेवायचं न्हाई. त्या बाईला माझी भाषा येत न्हाय, मला तिची येत न्हाय, पर एवढं दोघींस्नी बरोबर कळलं.

तोहिद : माशाल्ला! आणि जिलेबी कुठाय?

तानाबाई : पिशवीत हाय. आधी गाडी, मग जिलेबी. तुझं तोंड आधी गोड केलं की तू मला कडू खरं सांगणार न्हाईस.

तोहिद : मावशी, तुम्ही माझ्या शेजारी दुकान टाकू नका, एवढीच विनंती. बरं, पाळणा पार्सलनं पाठवला तर?

आदर्श : विचारलं की. पार्सलवाला म्हणतोय मनालीपर्यंत देतो. पुढं हिवाळ्यात जिम्मेदारी आमची न्हाई. आणि आजी बी पार्सलनं पाठवायची काय?

तानाबाई : मला तिचं घर बघायचंय रं. तीन वर्सं झाली. लग्न बी फोनवर बघितलं. तर तोहिद, मला एकच सांग. ह्यातली कुठली गाडी पाळणा, माणसं, डबं सगळं घेऊन तिच्या दारापर्यंत जाईल? मनालीपर्यंत न्हवं, केलांगपर्यंत बी न्हवं. दारापर्यंत.

तोहिद : हां. हे बरोबर इचारलं. मनालीच्या म्होरं डोंगरातला बोगदा हाय, त्याच्या अलीकडं पोलीस उभा असतो. बर्फ पडायला लागलं की चारी चाकं ओढणारी गाडी, न्हाईतर चाकाला साखळी. ह्याबिगर पुढं सोडत न्हाईत. आणि दाराची जी चढण असते, ती पोलिसापेक्षा कडक.

आदर्श : तुला रे काय म्हाईत? ह्या उद्यमनगराच्या बाहेर गेलायस का कधी?

तोहिद : दोन हिवाळं मनालीत गॅरेजवर हुतो. ही दोन नखं बघ. साखळ्या बसवून बसवून काळी पडली, ती अजून गोरी व्हायची हायत.

आदर्श : मग झालं की! ह्या काळ्याला मागं केवढा स्टिकर हाय बघ, फोर-बाय-फोर.

तोहिद : स्टिकर मागच्या मालकानं लावलाय. गाडी मागच्या दोन चाकांवरच पळती.

आदर्श : काय सांगतोस!

तोहिद : बघायला तालमीतला पैलवान, पण जोर सगळा मागल्या पायांत. आणि टायरची रुंदी म्हणशील, तर रुंद टायर ताज्या बर्फावर तरंगतं. अरुंद टायर बर्फ कापून खाली जातं नि जमीन धरतं. ते लाइटीचं तर बोलूच नको. धुक्यात सात लाइटी लावल्या की म्होरं पांढरी चादर, आपुन आपल्याच डोळ्यांत लाइट मारून घेतो.

आदर्श : भावा, माझी गाडी मारायलाच बसलायस. साखळी घालू की काळ्याला!

तोहिद : घाल. चालंल. पण पाळणा कुठं ठेवतोस? टपावर?

तानाबाई : लेकीचा पाळणा टपावर? वैरण हाय व्हय ती? ती पांढरी गाडी कुठली रं, कोपऱ्यातली?

तोहिद : कवाधरनं वाट बघतोय, कुणीतरी तिकडं बोट करंल म्हणून! या. राधानगरीला धरणाच्या अंगाला एक ठेकेदार हुता, त्याची. चारी चाकं ओढती. हा बारका दांडा बघा. हा खाली टाकला की गाडी म्हशीच्या चालीनं चालती, पण थांबत न्हाई. टायर अरुंद. आणि मागली अर्धी सीट अशी पाडली की, मापा मावशी.

तानाबाई : एक... दोन... तीन... आणि वर एक वीत. आरं, पाळणा निजंल की हितं!

आदर्श : आई, ही दवाखान्याची गाडी वाटतीया. ह्यात बसून रील केली तर लोक कमेंटात विचारतील, पेशंट कसा हाय.

तानाबाई : तोहिद, डाव्या दाराला ही पायरी मूळची हाय?

तोहिद : न्हाई. आता बसवलीया. वर धरायला हँडल बी.

तानाबाई : कुणी सांगितलं बसवायला?

तोहिद : हाय एक गिऱ्हाईक.

आदर्श : झालं सुरू! दुसरं गिऱ्हाईक हाय, लवकर घ्या, न्हाईतर गेली. सगळी डीलर मंडळी एकाच शाळेत शिकलीत.

तोहिद : कसम, खोटं बोलत न्हाई. तीनदा येऊन बसून गेलंय. घेतलं न्हाई, सोडलं बी न्हाई. नुसतं बसतं, चढतं, उतरतं, परत चढतं. तुमच्यासारखंच इचारतं, दारापर्यंत जाती का.

तानाबाई : ते कुठं चाललंय?

तोहिद : ते सांगू नको म्हणालंय, मी तुम्हाला कसं सांगू?

तानाबाई : बरं. ह्ये हँडल आम्हांस्नी बी लागणारच हाय. पुढची डावी सीट मोकळी ऱ्हाऊ दे. आदर्श चालवंल, मी मागं पाळण्याजवळ.

आदर्श : पुढं कोण बसणार मग?

तानाबाई : डबं. डिंकाचं लाडू, अळीव, बाळंतशेपा.

तोहिद : मावशी, डब्यांस्नी हँडल कशाला लागतंय?

तानाबाई : तू गाडी विक रं.

आदर्श : तोहिदभाई, मी सांगतो. आमचं आण्णा, म्हंजे वडील. आक्कानं तिकडंच लग्न ठरवलं, ते बी पौषात, बर्फात. आण्णा पेटलं. भर पंगतीत, चुलत्यांच्या पोराच्या साखरपुड्यात, म्हणाले, त्या बर्फात माझा पाय पडणार न्हाई. सत्तर माणसं ऐकत हुती. तेव्हापासनं तो शब्द धरून बसलेत.

तोहिद : आणि लेकीशी बोलत्यात का?

आदर्श : तिचा फोन आला की उठून बाहेरच्या सोप्यात जातात. आणि दाराला पाठ लावून बसतात, ऐकायला नीट यावं म्हणून.

तानाबाई : आणि ह्या म्हयन्यात पाळणा काढला माळ्यावरनं. चार दिस पॉलिश घासत हुते. मी म्हणालो, काय वो? तर म्हणाले, वाळवी लागती. सागवानाला! हुपरीस्नं चांदीचं वाळं आणायला बी सोताच गेलते, म्हणाले, तिकडं काम हुतं. नातीच्या पायाचं माप फोनवरच्या फोटोवरनं घेतलंय त्यांनी.

तोहिद : मग चला म्हणावं की.

तानाबाई : मी म्हणालो तर ते न्हाईच म्हणणार. शब्द दिला म्हणत्यात. म्हणून सीट मोकळी ठेवतोय. रिकामी दिसली तर बसतील. न्हाईतर डबं हायतच.

आदर्श : आई, उगं आशा लावू नको. तीन वर्सं झाली, तसूभर हलले न्हाईत. आता गाडीचं फायनल कर. काळी का पांढरी?

तोहिद : दोघांस्नी पटवून सांगण्यापेक्षा चालवूनच बघूया. बर्फ काय कोल्हापुरात घावत न्हाई. पण चिखल हाय का तुमच्याकडं?

तानाबाई : चिखल? बावड्याला आमच्या पाणंदीत या. कालच खोडव्याला पाणी सोडलंय, पाट फुटलाय, वरनं उसाचं ट्रॅक्टर दिसभर तुडवत्यात. म्हसरं बी बिचकत्यात तिथं.

आदर्श : नाद खुळा! चला! काळी मी घेतो.

(कसबा बावड्याची पाणंद. दोन्ही कडेला ऊस, मध्ये गुडघाभर चिखलाचा काला. काळी गाडी वीस पावलांवर मागच्या चाकांनी खड्डा खणून बसली आहे. पांढरी अजून कोरड्यावर उभी आहे.)

तानाबाई : आरं रेस नगं दिऊस! रेस नगं! खड्डा खणतोयस सोताचाच!

आदर्श : निघंल! थोडंच राहिलंय!

तोहिद : कुठं राहिलंय? आणखी दोन मिंटं रेस दे, पाणीच लागंल. बोर मारल्यासारखं.

तानाबाई : तू उतर. तोहिद, ती पांढरी दे हिकडं. सर पलीकडं, मी बसतो.

तोहिद : मावशी, लायसन?

तानाबाई : हाय. ट्रॅक्टरचं बी, गाडीचं बी. त्यांच्या डोळ्यांचं आपरेशन झालं त्या सालापास्नं ऊस कुणी घातला कारखान्याला? दोन ट्रॉल्या लावून ही बाई जायाची, नि ते मागनं फटफटीवर, पोराबाळांस्नी सांगत, मीच शिकवलंय.

तोहिद : बरं, ऐका मग. बारका दांडा खाली. सुरुवात दुसऱ्या गिअरवर. पहिल्यावर चाक चवताळतं. ब्रेक जवळजवळ विसरायचा, उतरणीला गिअरच धरतो. गाडी घसराय लागली तर ब्रेक न्हाई, पाय ढिला करायचा नि जिकडं जायचंय तिकडं बघून चाक वळवायचं.

तानाबाई : आरं, भरल्या ट्रॉलीचं बी हेच की. नदीच्या उताराला ब्रेक मारला तर मागली ट्रॉली म्होरं येऊन इचारती, काय काकी, कुठं निघाला?

तोहिद : पण एक फरक हाय. चिखल धरतो, बर्फ सोडतं. चिखलात अडकाल, बर्फात निसटाल. म्हणून तिथं ह्याच्या निम्म्या चालीनं. आणि ह्या साखळ्या. अशा चाकावर पसरायच्या, चाक अर्धं पुढं घ्यायचं, मग मागनं आकडा.

तानाबाई : थांब थांब. माझ्या माहेराला भातात चिखलणी करताना चाकाला लोखंडी पिंजरा लावत्यात, त्याचीच धाकटी भन की ही!

तोहिद : काय बोललात मावशी! मी दोन हिवाळं साहेब लोकांस्नी तासतास समजावलं. आणखी एक. गाडी लावताना हँडब्रेक ओढायचा न्हाई, रातीत गोठतो. गिअरात ठेवायची नि चाकाला धोंडा.

तानाबाई : आमच्या ट्रॅक्टरला हँडब्रेक चालतोय कुठं? धोंडाच असतो. काच गोठली तर गरम पाणी ओतायचं का?

तोहिद : न्हाई! काच तडकंल. खरवडायची, सावकाश. आणि डिझेल मनालीच्या वरच्या पंपावर भरायचं, हितलं थंडीत दाट होतं.

तानाबाई : तुपावाणी. कळलं. चल, धर हँडल.

आदर्श : आई, सावकाश! उजवीकडं खोल हाय! आई!

तानाबाई : ओरडू नगंस, गाडी बिचकती. ही बघ... ही आली... ही आली...

आदर्श : आयला! आई, तू तर पाण्यावरनं आल्यासारखी आलीस की! चाक फिरलं बी न्हाई! तोहिदभाई, बघितलास काय! काटा किर्र!

तोहिद : मी आत बसलोय बाबा, मला दिसलं कुठं? मी डोळं मिटून घेतलं हुतं.

तानाबाई : आता दोर लाव काळीला, ओढतो तिला बी. बघ, तुझा पैलवान दवाखान्याच्या गाडीला बांधून निघाला.

आदर्श : बांध, बांध. आजची रील मी करत न्हाई. पण दोर लावून बी चाक फिरतंयच, धरायलाच काय न्हाई.

तोहिद : चाकाखाली पोतं घालू. पांढरीच्या पुढच्या सीटखाली एक हाय बघ, घडी घालून.

आदर्श : हे? हे तर धुऊन, वाळवून ठेवलंय. कोण धुतंय पोतं?

तानाबाई : आण बघू हिकडं.

आदर्श : आई, पोतंच हाय, आंबाडीचं. चाकाखाली घालतो नि...

तानाबाई : नगं घालूस. थांब. ह्यो टाका बघ, कडेचा. असा आडवा टाका बावड्यात मी एकटीच घालतो. पेंडीचं पोतं हाय आमच्या गोठ्यातलं, सुतळीनं मीच शिवलंय. तोहिद, हे तुझ्या गाडीत कसं आलं?

तोहिद : मावशी, मला शपथ घातलीया.

तानाबाई : त्या गिऱ्हाइकानं?

तोहिद : मी काय बोललो न्हाई.

तानाबाई : चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलीया का त्याच्या?

तोहिद : मी काय बोललो न्हाई.

तानाबाई : बसताना डाव्या गुडघ्याला दोन्ही हातांनी उचलून आत घेतो का?

तोहिद : म्हणून तर पायरी बसवली... आता बघा, मी काय बोललो का?

आदर्श : आण्णा? आपलं आण्णा? तीनदा येऊन बसलेत?

तोहिद : तीनदा आत बसले. एकदा रस्त्यावरनंच बघून गेले, गाडी हाय का गेली म्हणून. पहिल्या दिवशी काळीत चढून बघितलं, जमलं न्हाई. मग पांढरी. शेवटी जाताना ते पोतं सीटखाली सारून गेले, एसटीत रुमाल टाकून जागा धरत्यात तसं. म्हणाले, घरची माणसं येतील गाडी बघायला. त्यांस्नी हीच दाखव. आणि मी आलतो म्हणू नको.

आदर्श : आणि तू सकाळपासनं मला साखळ्या नि टायर शिकवायलायस!

तोहिद : ते बी खरंच हाय की. गाडी खरोखरच हीच जाईल. खोटं एक अक्षर सांगितलं न्हाई, फक्त एक सांगितलं न्हाई.

तानाबाई : पर पोतं कशाला रं? जागा धरायला टावेल टाकला असता.

तोहिद : तेच मी इचारलं. त्यांनी मला इचारलं हुतं, गाडी पार उंबऱ्याला टेकती का, म्हंजे उतरलं की पाय सरळ घरात. मी म्हणालो, आण्णा, गाडी दारात जाईल, पण उंबऱ्याच्या म्होरं हातभर बर्फ असणारच. तर म्हणाले, हातभरच ना? पोतं टाकू की. पोत्यावर पाय पडला म्हंजे बर्फात पडला असं कोण म्हणंल?

आदर्श : सत्तर माणसांम्होरं दिलेला शब्द, आणि पेंडीच्या पोत्यावर सोडवलाय! आई, तू हसतीस का रडतीस?

तानाबाई : चिखल उडालाय डोळ्यात. पोतं घे, घडी घाल, हुतं तसंच ठेव सीटखाली. काळीला उसाचा पाला घाला चाकाखाली, निघंल. आणि तोहिद, जिलेबी घे आता.

तोहिद : म्हंजे पांढरी पक्की?

तानाबाई : पक्की. एक कर फक्त. ते हँडल चार बोटं खाली घे. त्यांचा खांदा आखडतोय, तितवर हात जात न्हाई. मला सांगायचे न्हाईत ते, पर रातीला मीच चोळतोय.

तोहिद : उद्या सकाळी करतो. पण मावशी, त्यांस्नी कळंल की मी सांगितलं.

तानाबाई : न्हाय कळत. घरात कुणी काय बोलायचं न्हाय. आदर्श, तुला सांगतोय. गाडी दारात आणायची, पाळणा मागं घालायचा, डबं पुढच्या सीटवर ठेवायचं.

आदर्श : आणि आण्णा दारात येऊन उभे राहिले, की डबं सांडतील, मी धरतो म्हणाले, तर?

तानाबाई : तर डबं त्यांच्या मांडीवर द्यायचं, नि गाडी सुरू करायची.